पंख्याचा वारा गिटारला ऐकू येत नाही

कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय, ते थोडक्यात असं. मामेभावाने दिलेली इलेक्ट्रिक गिटार आहे, अ‍ॅम्प नाही. तापकीर गल्लीतून मोठ्या जॅकचा छोटा जॅक करणारा कन्व्हर्टर आणला, गिटारची केबल त्याला लावून लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसली आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. आवाज आला, पण पातळ, लांबून आल्यासारखा. तारेपेक्षा पिकचा टकटकाटच जास्त. मागे बारीक गुणगुण, आणि त्यांच्याच शब्दांत, ‘पंख्याचा आवाजसुद्धा येतो’. इयरबड्स घालून वाजवलं तर वाजवल्यानंतर बऱ्याच उशिराने ऐकू येतं. फुकटात मिळालेलं डिस्टॉर्शनचं प्लगिन (आवाज फाडणारा, सॉफ्टवेअरमधला इफेक्ट) लावलं तर डासांचा थवा. बजेट दहा हजार. यात चांगला इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा, कुठला, की त्यापेक्षा छोटा अ‍ॅम्प आणि माइक घेऊ, असा प्रश्न आहे.

मी अठरा-एकोणीस वर्षं सिंहगड रोडवरच्या फ्लॅटच्या एका खोलीत गिटार रेकॉर्ड करतोय. थोडी स्वतःची, बरीचशी इतरांची. ‘कुठला इंटरफेस’ याचं उत्तर देतो, पण जरा उशिरा. तुमची तक्रार एक दिसत असली तरी दुखणी चार आहेत आणि चौघांची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातली दोन बहुधा एक रुपयाही न घालवता आज रात्रीच जातील. न तपासता इंटरफेस आणलात तर तो त्याच्या वाट्याची दुखणी बरी करील आणि उरलेल्यांसाठी तुम्ही त्यालाच शिव्या द्याल. असे शिव्या खाल्लेले इंटरफेस मी अर्ध्या किमतीत विकत घेतलेत, म्हणून माहीत आहे.

सुरुवात पंख्यापासून करू, कारण तुमच्या सगळ्या वर्णनात तेवढं एक वाक्य सोन्याचं आहे.

गिटारचा पिकअप म्हणजे माइक नव्हे. लोहचुंबक, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर स्टीलची तार. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते, तीच केबलमधून पुढे जाते. हवेशी त्याचं काही देणंघेणं नाही. स्वस्त पिकअप गिटारवर टकटक केलेलं थोडंफार पकडतात, पण छताच्या पंख्याचा वारा पिकअपला ऐकू येणं शक्य नाही. पंख्याचा रेग्युलेटर ऐकू येईल, तो वेगळा विषय, त्याच्याकडे येतोच. पण पात्यांचा घरघराट रेकॉर्डिंगमध्ये आला असेल तर त्याचा सरळ अर्थ असा की तुम्ही गिटार रेकॉर्ड केलेलीच नाही. लॅपटॉपच्या आतला माइक चालू होता आणि त्याने खोलीत बसून तुमच्या गिटारच्या बिनअ‍ॅम्पच्या तारा ऐकल्या. टकटकाट जास्त का, पातळ का, लांबून का, या सगळ्याचा उलगडा तेवढ्यात होतो.

असं होण्याचं कारण त्या भोकात आहे. हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं आणि त्यात चार भागांचा जॅक अपेक्षित असतो: टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग ग्राउंड आणि मुळाशी माइक. तुमच्या कन्व्हर्टरच्या जॅकवर बहुधा एकच काळी रिंग असेल, म्हणजे तो दोनच भागांचा. तो आत गेला की गिटारचा सिग्नल टोकावरून थेट डाव्या कानाच्या जागी जातो, म्हणजे जिथून आवाज बाहेर पडायचा तिथे आत शिरू बघतो. आणि माइकची जागा ग्राउंडला चिकटते. लॅपटॉप म्हणतो, माइक नसलेला हेडफोन लावलाय वाटतं, आणि आपला आतला माइक चालूच ठेवतो. गिटार वाजते, पडद्यावर लाटा उठतात, सगळं बरोबर चाललंय असं वाटतं.

खात्री करायला अर्धा मिनिट लागतं. रेकॉर्डिंग चालू करा, गिटारला हात लावू नका आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेवर, कीबोर्डच्या आसपास नखाने खरवडा. मग ऐका. खरवडणं मोठ्याने आलं तर माइक तोच. त्यानंतर इयरबड कानातून काढून त्यावर खरवडा, कारण कधीकधी विंडोज परस्पर ब्लूटूथच्या माइकला निवडतं आणि मग सगळंच टेलिफोनवरून आल्यासारखं होतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. एका शनिवारी मी एका बँडची पाच गाणी दिवसभर बसून घेतली. इंटरफेस लावलेला, दिवा लागलेला, हेडफोनमध्ये डायरेक्ट मॉनिटरमुळे, म्हणजे कॉम्प्युटरपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच, गिटार छान ऐकू येतेय. संध्याकाळी ऐकायला बसलो तर तिसऱ्या गाण्यातल्या सोलोत कुकरच्या तीन शिट्ट्या, व्यवस्थित तालात. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट लॅपटॉपचाच राहिला होता. तेव्हापासून पहिल्या टेकआधी नख ओढल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

समजा तुमचा लॅपटॉप जुना आहे, किंवा डेस्कटॉप आहे, आणि माइकचं गुलाबी भोक वेगळं आहे. मग गिटार खरोखर आत जाईल, पण आवाज तरीही मेलेला येईल. इथे इम्पीडन्सचा मुद्दा येतो. हा शब्द ऐकला की लोक पान उलटतात, पण सोसायटीत राहणाऱ्याला तो समजायला अवघड नाही. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर कमी. त्याच पाइपवर खालच्या कोणी नळ पूर्ण सोडला की वरची धार करंगळीएवढी होते. पिकअप हा वरचा मजला. त्याच्यात जोर फार नाही, त्यामुळे पुढच्या यंत्राने त्याच्याकडून जवळजवळ काहीच ओढून घेता कामा नये, नुसतं बघावं. गिटारसाठी बनवलेला इनपुट १ मेगाओहमच्या आसपास असतो, म्हणजे नळ अगदी थेंबाएवढा उघडा. साधा लाइन इनपुट साधारण १० हजार ओहमचा, आणि कॉम्प्युटरच्या माइकचा त्याहूनही कमी, म्हणजे धो धो. पाण्याच्या उपमेत एक गोष्ट मात्र बसत नाही. इथे सगळी धार सारखी बारीक होत नाही, आधी उंच स्वर जातात. मीटर लावून मोजलं तर पिकअपचा रेझिस्टन्स सहा-आठ हजार ओहम दिसतो, पण वेढ्यांमुळे वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इम्पीडन्स एक-दोन लाखांच्या घरात चढतो. त्यामुळे नेमका तो खणखणीतपणा, ज्याच्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, तोच दाराशी अडतो. नंतर ईक्यूवर, म्हणजे उंच-खालचे स्वर कमीजास्त करायच्या बटणांवर, ट्रेबल कितीही वाढवलात तरी गेलेलं परत येत नाही, नुसता खरखराट वर येतो.

म्हणून इंटरफेस. आणि म्हणून इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण. किती जण ते बटण न दाबता महिनोन्‌महिने रेकॉर्ड करतात ते विचारू नका. काही इंटरफेसना बटण नसतं, सॉफ्टवेअरमध्ये असतं; काहींना दोनपैकी एकाच इनपुटला ती सोय असते. पुस्तिका वाचा, दोन पानांची असते.

इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, ते सांगतो. तुमच्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर पिकअप अ‍ॅक्टिव्ह आहेत, त्यांना इम्पीडन्सचा फारसा फरक पडत नाही. गिटार आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एखादा बफर असलेला पेडल चालू असेल तर तो गिटारसाठी थेंबाचा नळ आणि पुढच्यासाठी जोरदार पंप, दोन्ही होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या किंवा मित्राच्या घरी मल्टिइफेक्ट प्रोसेसर (बरेच इफेक्ट एकत्र असलेला पायाशी ठेवायचा डबा) पडलेला असेल तर त्याच्या पाठीमागे यूएसबीचं भोक आहे का बघा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये इंटरफेस आतच असतो आणि वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. सगळ्यांमध्ये नसतो, काहींचं यूएसबी फक्त अपडेटसाठी असतं, ते मॉडेलचं नाव टाकून शोधा. असला तर दहा हजार वाचले, त्यातून चांगले हेडफोन येतील.

दुसरं दुखणं उशीर. तुमच्या बाबतीत यातला मोठा गुन्हेगार इयरबड्स आहेत. ब्लूटूथ आवाज दाबतो, गुंडाळतो, पाठवतो, उलगडतो, आणि या सगळ्यात शे-दीडशे मिलिसेकंद सहज जातात, कित्येकदा जास्त. सिनेमा बघताना कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून ठेवतो. तुमचा हात कोण थांबवून ठेवणार? तारेचे हेडफोन घ्या. घरात कुठल्यातरी खणात जुने असतीलच.

उरलेला उशीर कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, बादली भरली की उचलतो. त्या बादलीला बफर म्हणायचं, पेडलमधला बफर वेगळा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मापं, घेत असाल आणि बफर ५१२ सॅम्पलचा असेल तर एक बादली भरायला साधारण १०.७ मिलिसेकंद लागतात. १२८ चा असेल तर २.७. हे आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा एकदा, वर यूएसबी आणि कन्व्हर्टरचे थोडे. किती उशीर चालतो? आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एकूण १० मिलिसेकंद उशीर म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवण्यासारखं. कुठल्याही स्टेजवर होतं ते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर तीस मीटर लांबीच्या पथकात मागच्या रांगेतल्या ढोलवाल्याला पुढच्या ताशाचा ठोका जवळजवळ ९० मिलिसेकंदांनी पोचतो, तो बिचारा कानांपेक्षा डोळ्यांनी ताल पकडतो. गिटारवर जलद काही वाजवायचं तर माझी स्वतःची मर्यादा दहा-बारा. संथ कॉर्ड असतील तर वीसही चालतात. काहींना सहाचाही त्रास होतो म्हणे. त्यातले निम्मे आकडा बघून त्रासतात.

विंडोजवर त्यासाठी आसियो ड्रायव्हर लागतो. विंडोजचा नेहमीचा रस्ता यूट्यूब, मीटिंग, नोटिफिकेशन या सगळ्यांचे आवाज एकत्र करत जातो, आसियो त्याला वळसा घालून थेट यंत्राशी बोलतो. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणला, अजून तोच चालतो. इंटरफेस घेताना कंपनीचा स्वतःचा आसियो ड्रायव्हर आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो, बाकीचं नंतर. नसेल तर आसियो-फॉर-ऑल नावाचा फुकट जुगाड आहे, काम भागवतो, पण कधी रुसेल सांगता येत नाही. मॅक असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा.

ऑडॅसिटीबद्दल एक शब्द. चांगलं सॉफ्टवेअर आहे, आवाज कापायला आणि साफ करायला मी रोज वापरतो. पण इफेक्ट लावून तो ऐकत ऐकत वाजवायचं, या कामासाठी ते बनलेलं नाही. त्यासाठी रीपर घ्या. साठ दिवस फुकट वापरता येतं, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं. मॅकवर गॅरेजबँड आधीपासून असतंच. वाजवताना बफर १२८ किंवा ६४ ठेवायचा, आणि मिक्स करायला बसलात की १०२४ करायचा, कारण तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि कॉम्प्युटरला श्वास मिळतो. आवाजात टिकटिक, फटफट येऊ लागली तर बफर फार लहान झालाय. लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या मोडवर असेल तरी हेच होतं.

आता गुणगुण. हे दुखणं पुण्यात घरागणिक वेगळं असतं, म्हणून इथे मी नुसतं निदान कसं करायचं ते सांगतो.

लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुणगुण गेली किंवा निम्मी झाली? मग ती विजेच्या वाटेने येतेय. चार्जर दोन पिनचा असेल, किंवा तीन पिनचा असून भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला मागे तारच नसेल, तर लॅपटॉपला जमीन मिळत नाही. खूण सोपी आहे: तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, आणि कधीकधी बोटांना मुंग्या येतात. तुमचं शरीरच तिथे अर्थिंगचं काम करत असतं. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मी मित्राकडे रेकॉर्डिंगला गेलो होतो, तिथे तारा आणि माइकची जाळी यांच्यामध्ये ओठाला चटका बसला. बोर्ड उघडला तर अर्थच्या पिनेमागे हवा. तिथे त्या दिवशी आम्ही काही वाजवलं नाही. वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, नसेल तर करून घ्या. गुणगुण घालवायला तीन पिनची तिसरी पिन मोडायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. गुणगुण जाते हे खरं, पण अ‍ॅम्पमध्ये कधी बिघाड झालाच तर ती वीज तारांवाटे तुमच्या हातात येते.

चार्जर काढूनही गुणगुण तशीच राहिली तर ती हवेतून येतेय, पिकअपवाटे. खुर्चीत बसून गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला ती जवळजवळ गायब होईल. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं क्षेत्र पकडतो, तो त्याचा स्वभाव आहे. गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये याच्यावरच तोड काढली: दोन कॉइल उलटसुलट जोडल्या, म्हणजे तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि गुणगुण एकमेकींना खाते. त्याला हमबकर म्हणतात. तुमच्या गिटारला दोन प्रकारचे पिकअप असतील तर स्विच फिरवून फरक ऐका. मग पंख्याकडे वळा. पंखा चालेल, पण अधल्यामधल्या वेगावर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचे तुकडे करतो आणि त्याची चरचर पिकअपला स्पष्ट ऐकू येते. एक तर पंखा फुल्ल, नाहीतर बंद. जुना खोक्यासारखा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर तो निर्दोष असतो; आमच्याकडे मी मुद्दाम तोच राखून ठेवलाय. दिव्याचा डिमर, हातभर अंतरावरचा मोबाइल, टेबलावरचा एलईडी लॅम्प हे पुढचे संशयित. आणि गुरुवारी लाइट गेली म्हणून इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करत असाल, तर साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लाट गुणगुणीचं करवतीत रूपांतर करते. त्या दिवशी बॅटरीवर काय होईल ते, नाहीतर रियाज.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, खरखर. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना किंवा जॅक हलवताना खरखरलं तर तो इंटरफेसचा दोष नाही. काँटॅक्ट क्लिनरचा एक फवारा, बटण वीस वेळा इकडून तिकडे, झालं.

चौथं दुखणं डासांचं, आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद हे बरं झाल्यावर होईल.

डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची लाट वरून-खालून छाटणं. छाटली की कोपरे तयार होतात आणि कोपऱ्यांमधून वरच्या फ्रीक्वेन्सींचा पाऊस पडतो, अगदी पंधरा-वीस किलोहर्ट्झपर्यंत. खऱ्या अ‍ॅम्पमध्येही हे होतंच. पण खऱ्या अ‍ॅम्पच्या पुढे बारा इंची स्पीकर असतो, आणि गिटारचा स्पीकर हा स्पीकर म्हणून अगदी अडाणी असतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं त्याला नीट वाजवताच येत नाही. त्याच्या त्या अडाणीपणावर रॉकचा सगळा आवाज उभा आहे. तुम्ही नुसतं डिस्टॉर्शन लावलंत, स्पीकर लावलाच नाही. हेडफोनने इमानेइतबारे वीस किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे डास ऐकवले.

प्रयोग करून बघा. डिस्टॉर्शनच्या नंतर एक साधा ईक्यू टाका. साडेपाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कडक उताराने कापा, खाली ८० हर्ट्झच्या खालचंही कापा. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झला आहे, त्याखाली गिटारचं असं काही नसतं. थवा तिथल्या तिथे शांत होईल. हे झालं गावठी औषध. नीट औषध म्हणजे कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स, ज्याला सगळे ‘आयआर’ म्हणतात. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला त्याचा ठसा, एका छोट्या फाइलमध्ये. फुकट शेकडो मिळतात. दोन-तीन घ्या, एक निवडा आणि बाकीचे पुसून टाका, नाहीतर आयुष्य आयआर ऐकण्यात जाईल. अख्ख्या अ‍ॅम्पसाठी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं फुकट आणि ओपन सोर्स प्लगिन आहे. २००४ च्या सुमारास एका मित्राने परदेशातून लाइन सिक्स कंपनीचा पॉड आणला होता, गिटारच्या यंत्रांची नक्कल करणारा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल डबा, १९९८ मध्ये निघालेला. तो बघायला आम्ही सहा जण टू-व्हीलरवरून धनकवडीला गेलो होतो. आज त्याहून खऱ्यासारखा आवाज फुकट मिळतो, याची मला अजून सवय झालेली नाही.

आणि गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं प्लगिनमधलं बटण, कमी ठेवा. खोलीत एकट्याने वाजवताना जेवढा गेन बरा वाटतो, त्याच्या दोन-तृतीयांशावर रेकॉर्ड करा. जाड आवाज हवा असेल तर तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कॉपी-पेस्ट नव्हे, खरोखर दोनदा वाजवून. दोन टेकमधल्या बारीकसारीक फरकातूनच ती रुंदी येते.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ: पातळपणा चुकीच्या माइकमुळे किंवा चुकीच्या इनपुटमुळे, उशीर ब्लूटूथ आणि बफरमुळे, गुणगुण घरातल्या विजेमुळे, डास स्पीकर नसल्यामुळे. इंटरफेस यातल्या पहिल्याचा पक्का इलाज आणि दुसऱ्याचा अर्धा. तिसऱ्या-चौथ्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही.

आता खरेदी. अ‍ॅम्प आणि माइक की इंटरफेस, हा पर्यायच नाही, कारण माइकसुद्धा कॉम्प्युटरमध्ये जायला इंटरफेसच लागतो. म्हणजे तो रस्ता घेतलात तर तीन वस्तू घ्याव्या लागतील. शुअरचा एसएम५७ गिटारच्या अ‍ॅम्पसमोर १९६५ पासून उभा आहे आणि मला तो अतिशय आवडतो, पण छोटा अ‍ॅम्प हळू वाजवला तर तो छोटा अ‍ॅम्प हळू वाजवल्यासारखाच येतो, आणि मोठ्याने वाजवला तर खालचे काका येतात. शिवाय कर्वेनगर म्हणजे नदीकाठ. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी पथकांचा सराव सुरू झाला की माइक लावून काही घेणं अशक्य. थेट गिटार लावलीत तर बाहेर पन्नास ढोल वाजू देत, टेकमध्ये त्यातला एक ठोकाही येणार नाही. मी पावसाळ्यात गाणाऱ्यांना सकाळची वेळ देतो आणि गिटारवाल्यांना संध्याकाळची, ते याचसाठी.

दहा हजारांच्या आसपास एक-दोन इनपुटचा साधा इंटरफेस मिळतो. फोकसराइट, बेहरिंजर, ऑडियंट, स्टाइनबर्ग, कुठलाही घ्या. या पातळीवर आवाजातला फरक तुमच्या जुन्या तारा आणि नव्या तारा यांच्यातल्या फरकापेक्षा कमी असतो. बघायचं ते एवढंच: गिटारचा इनपुट, स्वतःचा आसियो ड्रायव्हर, हेडफोनचं वेगळं बटण. पुढे गाणंही घ्यायचं असेल तर काही माइकना लागणारी ४८ व्होल्टची वीज देण्याची सोय. गिटार आणि आवाज एकदम घेणार असाल तर दोन इनपुट, नाहीतर एक पुरे. जुना घेणार असाल तर आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का बघा, आणि फायरवायरचा (यूएसबीऐवजी वापरात असलेली जुनी जोडणी) फुकट मिळाला तरी घेऊ नका. यूएसबी हब टाळा, थेट लॅपटॉपला लावा. गिटारची केबल तीन मीटरची बास. केबल जितकी लांब तितका ट्रेबल वाटेत गळतो.

आल्यावर इंटरफेसवरचा गेन, म्हणजे गिटार किती जोरात आत घ्यायची ते, कसा लावायचा ते सांगतो, कारण इथे मी स्वतः आपटलोय. लोक ‘आवाज चेक करा’ म्हटलं की हळुवार चार कॉर्ड वाजवतात. मग लाल दिवा लागला की दचकतात, किंवा दचकतही नाहीत. तुम्ही गाण्यात सगळ्यात जोरात जिथे वाजवता तो भाग वाजवा, वर थोडं जास्तच, आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन द्या. ‘कमी वाटतंय’ म्हणून वाढवू नका. १६ बिटच्या काळात काटा वर ठेवायची सवय लागली, कारण तळाचा खरखराट छताच्या ९६ डेसिबलच खाली होता; २४ बिटमध्ये कागदावर तरी १४४ डेसिबलची जागा आहे. खाली भरपूर जमीन आहे, वर छत मात्र काँक्रीटचं. छताला आपटलेला टेक दुरुस्त होत नाही. बटणाची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण अ‍ॅम्पची नक्कल करणारी प्लगिन याच पातळीवरून किती फाटायचं ते ठरवतात. आज गेन एक आणि उद्या दुसरा ठेवलात तर तोच प्रीसेट दोन दिवस दोन तऱ्हेने वाजेल.

प्लगिनचा आवाज ऐकत वाजवा, पण रेकॉर्ड कोरडाच होऊ द्या. रीपरमध्ये ट्रॅकवर प्लगिन टाकलं की आपोआप असंच होतं: कानात अ‍ॅम्प, फाइलमध्ये नुसती गिटार. कोरडा आवाज ऐकायला दरिद्री वाटतो, त्यावर जाऊ नका. एका कॉलेजच्या मुलांचं फिरोदिया करंडक या कॉलेजच्या स्पर्धेसाठीचं गाणं माझ्याकडे झालं होतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेअकराला दिग्दर्शकाचा फोन, ‘गिटार फार रागीट वाटतेय, सीन आता हळवा झालाय.’ गिटार वाजवणारा मुलगा रंगीत तालमीनंतर घरी जाऊन झोपलेला. मी कोरडा ट्रॅक उघडला, अ‍ॅम्प बदलला, थोडा रिव्हर्ब टाकला, बारा वाजायच्या आत फाइल पाठवली. मुलाला दुसऱ्या दिवशी स्टेजच्या मागे कळलं. तो आधी चिडला, मग म्हणाला की असंच बरं वाटतंय.

तुम्ही आज फक्त एवढं करा: तारेचे हेडफोन शोधा, चार्जर काढा आणि लॅपटॉपच्या कडेवर नख ओढा. काय ऐकू आलं ते लिहा. नख ऐकू आलं नाही तर माझं पहिलं निदान चुकलं, मग त्या कन्व्हर्टरच्या जॅकवर काळ्या रिंगा किती आहेत ते मोजून सांगा, तिथून पुढे बघू.